वाचकांचे प्रश्न : शिष्यवृत्ती एकच मिळणार, मग कोणती?

अल्पसंख्याक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे या सदरातून कळवले होते. आलेल्या पत्रांत यंत्रमाग कामगार आहेत, शिक्षक आहेत, स्वतः विद्यार्थी आहेत. बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे, ती म्हणजे जास्तीत जास्त रक्कम कोणत्या योजनेत मिळते. मला मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलाचा अर्ज कोणत्या योजनेत शेवटपर्यंत टिकेल? कागदावर मोठी दिसणारी रक्कम उत्पन्नाच्या दाखल्यातील एका आकड्यावर किंवा आधार कार्डावरील एका अक्षरावर अडते, आणि तोवर दुसऱ्या योजनेची मुदत उलटून गेलेली असते. निवडक पत्रे संक्षिप्त करून, नावे वगळून, उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : मी यंत्रमाग कामगार आहे. आम्ही मुस्लिम, मोमीन समाजाचे. माझी मुलगी दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिने अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. तिची दृष्टी जन्मतःच अधू आहे आणि प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ७५ टक्के लिहिले आहे. अल्पसंख्याक, ओबीसी आणि दिव्यांग अशा तिन्ही ठिकाणी अर्ज करावा का? — एक पालक, मालेगाव

आपल्या मुलीला तीन दारे उघडी आहेत, पण आत एकाच दाराने जाता येईल. एका वर्षी एका अभ्यासक्रमासाठी सरकारची एकच शिष्यवृत्ती घ्यायची, हा नियम केंद्राच्या आणि राज्याच्या जवळजवळ सर्व योजनांत आहे. सर्वत्र अर्ज करून ठेवावेत आणि जे मिळेल ते घ्यावे, हा विचार आईवडिलांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु अर्ज आधारशी जोडलेले असल्याने दुहेरी लाभ पडताळणीत उघड होतो, आणि मग मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ येते.

अकरावी-बारावीसाठी आपण दिव्यांगांच्या योजनेकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांचा विस्तार गेल्या काही वर्षांत आकसला आहे. पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना त्याच सुमारास थांबली, आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही गेली. अकरावीपासून पुढची मॅट्रिकोत्तर योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या वर्षासाठी खुली असल्याचे स्वतः पाहिल्याखेरीज तिच्या भरवशावर राहू नये.

दिव्यांगांसाठी दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा होय. ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मिळते. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते. शुल्क, निर्वाह भत्ता, पुस्तके आणि दिव्यांगत्वाचा वेगळा भत्ता असे तिचे स्वरूप आहे, मात्र देशभरासाठी जागा ठरावीक असल्याने गुणवत्तेची स्पर्धा असते. दुसरा पर्याय म्हणजे महाडीबीटी पोर्टलवरील राज्याची दिव्यांग मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिची रक्कम तुलनेने लहान आहे, पण दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचक भत्ता मिळतो आणि उत्पन्नाच्या मर्यादेची अडचण येत नाही. दहावीचे गुण खरोखर वरचे असतील तर केंद्राची निवडावी. अन्यथा हमखास मिळणारी राज्याची शिष्यवृत्ती घेणे शहाणपणाचे.

आता ओबीसीविषयी. हे दार आज उपयोगाचे नसले तरी दोन वर्षांनी तेच सर्वांत मोठे ठरेल. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार, तांबोळी अशा अनेक मुस्लिम समाजांचा समावेश आहे. शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले आहे. त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या खासगी महाविद्यालयातील शुल्क पाहिले, तर कोणतीही शिष्यवृत्ती या माफीची बरोबरी करू शकणार नाही.

परंतु त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे करावा लागतो, आणि प्रकरण महिनोन्‌महिने चालते. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत किंवा जुन्या महसुली कागदांत ‘मोमीन’ असा उल्लेख असेल, तर तो आत्ताच शोधून ठेवावा. अनेक घरांत जुन्या कागदांवर फक्त ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले सापडते आणि तेथेच प्रकरण अडते. म्हणून मुलगी बारावीत जाण्याची वाट पाहू नये.

जाता जाता एक सुचवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार उच्च शिक्षणाच्या सरकारी आणि अनुदानित संस्थांत लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. परीक्षेत लेखनिक आणि प्रत्येक तासामागे वीस मिनिटांचा जादा वेळही मागता येतो. त्यासाठीचा अर्ज परीक्षेच्या तोंडावर न करता वर्षाच्या आरंभीच महाविद्यालयाकडे द्यावा.

प्रश्न : मी जैन समाजातील विद्यार्थी असून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोर्टलवर माझा अर्ज मंजूर झाल्याचे दिसते, वर्गातील इतरांना रक्कम मिळाली, पण माझ्या खात्यात काहीच जमा झालेले नाही. बँकेत विचारले असता, ‘आधार लिंक आहे’ एवढेच उत्तर मिळते. — एक विद्यार्थी, सांगली

बँकेने दिलेले उत्तर खोटे नाही, ते अपुरे आहे. आधार क्रमांक खात्याला जोडलेला असणे ही एक गोष्ट आणि सरकारी रक्कम त्या खात्यात वळवली जाण्यासाठी तो राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत ‘सीड’ केलेला असणे ही दुसरी. शिष्यवृत्तीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातात, असा बहुतेकांचा समज असतो. आधार-आधारित हस्तांतरणात मात्र ते त्या नोंदीत शेवटचे ज्या बँकेचे नाव आहे तेथे जातात, आणि त्या नोंदीत एका वेळी एकच बँक असते.

आपल्या बाबतीत काय झाले असावे याचा अंदाज करता येतो. सिमकार्ड घेताना किंवा मोबाईलवर एखादे ॲप सुरू करताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट्स बँकेचे खाते उघडून दिले, आणि त्या क्षणी आधारची नोंद तिकडे सरकली, असे अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडले आहे. मुलाला ते खाते असल्याचे ठाऊकही नसते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ या पर्यायात आधार क्रमांक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी भरला की सध्या कोणत्या बँकेचे नाव नोंदलेले आहे ते तत्काळ दिसते. तेथे अनोळखी बँक दिसली, तर आधी त्या खात्यात पैसे पडून आहेत का ते पाहावे. नंतर आपल्या नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा लेखी संमती अर्ज द्यावा आणि काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून नोंद बदलल्याची खात्री करावी.

दुसरे कारण खात्याच्या प्रकारात असू शकते. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ प्रकारच्या खात्यात कोणत्याही वेळी ५० हजार रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम आली की ती परत फिरू शकते आणि पोर्टलवर व्यवहार अयशस्वी झाल्याची नोंद दिसते. पूर्ण केवायसी करून घेतले की ही अडचण राहत नाही. बरेच दिवस न वापरल्याने निष्क्रिय झालेल्या खात्याचेही तसेच.

तिसरे कारण नावातील फरक. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे आणि मग वडिलांचे नाव येते. आधारवर बहुधा आधी विद्यार्थ्याचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असते. जैन कुटुंबांत कधी गावावरून पडलेले आडनाव शाळेत लावलेले असते आणि आधारवर नुसते ‘जैन’ असते. मुस्लिम मुलींच्या बाबतीत ‘शेख’ गुणपत्रिकेवर आधी आणि आधारवर शेवटी, किंवा ‘बी’ एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे प्रकार सर्रास दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे असतात. अशा वेळी दहावीची गुणपत्रिका हाच मूळ पुरावा धरावा आणि त्यानुसार आधार, बँक आणि दिव्यांग विद्यार्थी असल्यास यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, या क्रमाने दुरुस्ती करून घ्यावी. प्रथम बँकेतील नाव बदलायला गेलात, तर बँक आधार मागेल आणि हेलपाटा वाढेल.

या पत्राला जोडून दृष्टिहीन आणि चेहऱ्याला इजा झालेल्या विद्यार्थ्यांसाठी थोडे लिहिणे आवश्यक आहे. ऑनलाइन खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्यास सांगितले जाते आणि ते जमले नाही की प्रक्रिया थांबते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येण्याजोग्या असणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगून, केवायसीची पद्धत दिव्यांगांना साध्य होईल अशी करण्याचे निर्देश दिले आहेत. शाखेतील कर्मचाऱ्याने ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणून परत पाठवले, तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

प्रश्न : माझ्या भावाला ऐकू येत नाही. तो ख्रिस्ती अल्पसंख्याक आहे. त्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. आमचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास असल्याने आम्ही केंद्राच्या योजनेत बसत नाही, असे सांगण्यात आले. — एक वाचक, वसई

सांगणाऱ्याने एका योजनेची मर्यादा साऱ्या योजनांना लावलेली दिसते. अडीच लाखांची अट केंद्राच्या दिव्यांग मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘सक्षम’ ही वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवे, संस्था परिषदेने मान्यता दिलेली हवी, आणि विद्यार्थी पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला, अथवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला हवा. दरवर्षी ५० हजार रुपये मिळतात आणि ते शुल्क, संगणक, पुस्तके, उपकरणे अशा कशासाठीही वापरता येतात. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांवर आणि दुरुस्तीवर वर्षाकाठी किती खर्च होतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. तेथे आता प्रथम एकदाच करावयाची नोंदणी, म्हणजे ओटीआर, पूर्ण करावी लागते. त्यातून मिळणारा चौदा अंकी क्रमांक पुढील सर्व वर्षे तोच राहतो, म्हणून तो जपून ठेवावा. पहिल्या वर्षी अर्ज राहून गेला तर दुसऱ्या वर्षी नव्याने करता येईल, या समजुतीत राहू नये. ही शिष्यवृत्ती प्रवेशाच्या वर्षीच लागते आणि नंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची, उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठीची शिष्यवृत्तीही महाडीबीटीवर आहे आणि तिचीही मर्यादा आठ लाख आहे. भावाच्या बाबतीत मात्र ‘सक्षम’ अधिक सोयीची वाटते, कारण तिची रक्कम ठरलेली आहे आणि शुल्काच्या आकड्यानुसार कमी होत नाही.

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. बौद्ध हे अल्पसंख्याकांत येतात, मग माझ्या मुलाने अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा की अनुसूचित जातीच्या? — एक पालक, वाशीम

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियमाखाली मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समुदाय अधिसूचित आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही राज्यापुरता हा दर्जा दिला. त्यामुळे आपण दोन्हीकडे पात्र ठरू शकता. तरीही मुलाकडे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र असेल, तर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही मिळतात. शिवाय शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी वार्षिक रक्कम थेट खात्यात मिळते. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ती ६० हजार रुपये आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याहून कमी. दिव्यांग विद्यार्थ्यांना या योजनेत गुणांच्या अटीत सवलत आहे.

स्वाधारचा अर्ज समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्यात स्थानिक रहिवासी नसल्याची अट असते. मुलगा ज्या गावात शिकतो तेथेच आपले घर असेल, तर स्वाधार मिळणार नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या नववीच्या वर्गातील एका मुलाचा उजवा हात अपघातानंतर नीट चालत नाही. जिल्हा रुग्णालयाने त्याचे दिव्यांगत्व ३५ टक्के ठरवले आहे. आईवडील शेतमजूर आहेत. त्याला काहीच मिळणार नाही का? — एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा

दिव्यांगत्वाच्या आधारावर शिष्यवृत्ती मिळणार नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो. कायद्यातील २१ प्रकारांपैकी कोणत्याही प्रकारचे दिव्यांगत्व असले, तरी आर्थिक लाभासाठी ४० टक्क्यांची रेषा पार करावी लागते, आणि ती पार झाली नाही तर पोर्टल अर्ज पुढे जाऊ देत नाही. पाच टक्क्यांनी एखाद्या मुलाची गरज कमी होते असे नाही, आणि या रेषेचा मला स्वतःला नेहमीच त्रास होतो. पण ती आहे.

तरीही करण्यासारखे बरेच आहे. मूल्यमापन योग्य झाले नाही असे आपल्याला वाटत असेल, तर २०१६ च्या कायद्यातील कलम ५९ नुसार त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. अपघातानंतरची स्थिती बदलत असेल आणि प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावर छापलेली पुनर्तपासणीची तारीख पाहून त्या वेळी मुलाला पुन्हा नेणे हेही महत्त्वाचे आहे. तपासणीला जाताना अपघाताच्या वेळचे केसपेपर, एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड बरोबर असावे. रिकाम्या हाताने गेलेल्या मुलाचे मूल्यमापन त्या दिवशी दिसले तेवढ्यावरच होते. पांढरे यूडीआयडी कार्ड म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळे म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान आणि निळे म्हणजे ८० किंवा त्याहून अधिक, अशी आता रंगांची विभागणी आहे. त्यामुळे पांढरे कार्ड हातात पडले की काही उपयोग नाही असे समजून पालक ते घरी टाकून देतात. तसे करू नये.

याचे कारण परीक्षेतील सवलती. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असे ठरवले की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांवरील दिव्यांगांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिताना अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. आपला विद्यार्थी उजव्या हाताने लिहू शकत नसेल, तर ‘लिहिण्यास अडचण आहे’ असे वैद्यकीय प्रमाणपत्र स्वतंत्रपणे घ्यावे आणि दहावीच्या परीक्षेसाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे मुख्याध्यापकांमार्फत वेळेत प्रस्ताव पाठवावा. पुढच्या सर्व शिष्यवृत्त्या दहावीच्या गुणांवर उभ्या राहतात.

पैशाच्या दृष्टीने दोन ठिकाणी चौकशी करावी. मुलगा अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असेल, तर त्या आधारावर शाळेमार्फत मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला दिव्यांगत्वाच्या टक्केवारीशी देणेघेणे नाही. दुसरे म्हणजे, महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. या रकमेतून काय द्यायचे ते प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपरिषद ठरवते. तेथेही साधारणतः ४० टक्क्यांचीच अट लावली जाते, म्हणून या मुलासाठी नव्हे, पण आपल्या शाळेतील इतर दिव्यांग मुलांसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) त्या निधीचा हिशेब अवश्य मागावा. वर्षअखेरीस घाईघाईने साहित्यवाटप उरकले जाते आणि मुलांच्या शिक्षणासाठी काही दिले जात नाही, असे कितीतरी गावांत घडते. ग्रामसभेत हा विषय मांडण्यासाठी शिक्षकाएवढा योग्य माणूस दुसरा कोण असणार?

प्रश्न : मी मुस्लिम असून पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाल्यामुळे माझ्यासारख्यांना कोणते पर्याय उरले आहेत? कर्ज घेणे योग्य होईल का? — एक संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

ही अधिछात्रवृत्ती बंद करताना, इतर अधिछात्रवृत्त्यांचा लाभ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनाही मिळतोच आणि त्यामुळे दुहेरीपणा होतो, असे कारण संसदेत देण्यात आले. हे कारण मला पटलेले नाही, कारण खुल्या स्पर्धेत पोहोचू न शकणाऱ्यांसाठीच ती योजना होती. असो. आज आपल्यापुढे नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, हा मुख्य मार्ग उरतो. ओबीसीचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असल्यास ओबीसी विद्यार्थ्यांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि दिव्यांगत्व ४० टक्क्यांवर असल्यास दिव्यांगांची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती, असे दोन पर्याय आहेत. राज्य शासनाने २०२४ मध्ये अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘मार्टी’, स्थापन करण्यास मान्यता दिली. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या इतर संशोधन व प्रशिक्षण संस्थांच्या धर्तीवरील या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

कर्जाचे म्हणाल, तर संशोधनकाळातील घरखर्चासाठी कर्ज काढू नये, असा माझा सल्ला आहे. पीएच.डी. किती वर्षे चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. परंतु आपल्या धाकट्या भावंडांपैकी कोणी व्यावसायिक पदवीला असेल, तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज तीन टक्के व्याजाने मिळते, आणि बँकेच्या व्याजाशी तुलना करता ते फारच हलके आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजनेत देशातील शिक्षणासाठी २० लाखांपर्यंत आणि परदेशासाठी ३० लाखांपर्यंत तरतूद आहे. ही प्रकरणे बहुधा जामीनदारावर अडतात. अर्ज भरण्याआधी जामीन कोण राहणार, हे घरात ठरवून घ्यावे.

प्रश्न : आमच्या भागात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रचालकाने ‘अर्ज पास करून देतो’ म्हणून प्रत्येक मुलाकडून दीड हजार रुपये घेतले. पैसे आल्यावर निम्मी रक्कम द्यावी लागेल असेही सांगितले. हे नियमात बसते का? — काही पालक, भिवंडी

बसत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाला पोर्टलवर कोणतेही शुल्क नाही. केंद्रचालकाने टंकलेखन आणि स्कॅनिंगचे वाजवी पैसे घेणे वेगळे, आणि मंजुरीची हमी विकणे वेगळे. अर्ज प्रथम संस्थेचा नोडल अधिकारी तपासतो आणि नंतर जिल्हा किंवा राज्य पातळीवर त्याची पडताळणी होते. यात केंद्रचालकाला काहीही अधिकार नाही. म्हणूनच तो निम्म्या रकमेच्या गोष्टी करतो तेव्हा संस्थेतील कोणीतरी त्याला सामील असण्याची शंका घ्यावी. केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या आणि २०२३ मध्ये हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. त्या घोटाळ्यानंतर तपासणी कडक झाली, आणि तिचा जाच खऱ्या विद्यार्थ्यांनाही सोसावा लागतो आहे.

आपण आधी एक करावे. मुलांचे लॉगिन नाव, पासवर्ड आणि अर्जातील मोबाईल क्रमांक कोणाचा आहे ते तपासावे. केंद्रचालकाने स्वतःचाच क्रमांक टाकला असेल, तर अर्जात त्रुटी निघून तो परत आल्याचा संदेशही त्यालाच जाईल आणि दुरुस्तीची मुदत मुलांना न कळता संपेल. क्रमांक बदलून घ्यावा, बँकेचे एटीएम कार्ड आणि पासबुक त्याच्याकडे असल्यास ताबडतोब परत घ्यावे, आणि मग सर्वांनी मिळून शाळेच्या मुख्याध्यापकांकडे व पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. अर्ज कोणत्या टप्प्यावर आणि कोणाकडे किती दिवस पडून आहे, हे जिल्हा कार्यालय तोंडी सांगत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक आहे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते दहा रुपयेही भरावे लागत नाहीत.